पहिली रायफल

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला, की अमेरिकेच्या उत्तर भागातील विस्कॉन्सिन राज्याचे रूप पालटते. ओक आणि मेपल या वृक्षांची पाने गळून गेलेली असतात, मक्याची शेते मोकळी झालेली असतात आणि पहाटे गवतावर हिमाचा पातळ थर चढू लागतो. 'थँक्सगिव्हिंग' या सणाच्या आधीच्या शनिवारी, सूर्य उगवण्यापूर्वीच, झगझगीत नारिंगी रंगाची जाकिटे घातलेली लक्षावधी माणसे रानात शिरतात. त्यांत आजोबा असतात, नातवंडे असतात, शेतकरी असतात आणि कारखान्यातून खास रजा घेऊन आलेले कामगारही असतात. नऊ दिवस चालणारा हा हरणांच्या शिकारीचा हंगाम होय.

या हंगामाच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातच, एक छोटासा प्रसंग गावोगावच्या दुकानांत घडत असतो. भिंतीवर ओळीने रायफली मांडून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर कोणी नवखा उभा असतो. कधी तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला बाप असतो, कधी चाळिशी उलटल्यावर प्रथमच रानात जाऊ पाहणारा शहरी गृहस्थ. 'पहिली रायफल कोणती घ्यावी?' एवढाच त्याचा प्रश्न असतो. प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. वस्तुतः तो जीवनमरणाचा आहे. त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत प्रथम एका मुक्या प्राण्याला आणि क्वचित एखाद्या माणसालाही मोजावी लागते.

मराठी श्रोत्याला हा विषय परका वाटणे साहजिक आहे. कोल्हापूरसारख्या संस्थानात चित्ते सोडून काळविटांची शिकार केली जात असे, त्या गोष्टी आता इतिहासजमा झाल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात हरणांच्या शिकारीचे दार बंद केले, आणि ते योग्यच झाले. अमेरिकेने मात्र त्याच हेतूने निराळी वाट धरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात मांस विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण कित्येक राज्यांतून जवळजवळ नाहीसे झाले होते. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला. पुढे १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला, आणि बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या संगोपनासाठी राज्यांना मिळू लागले. रायफली व काडतुसे यांवर हा कर आज ११ टक्के आहे. या आणि इतर उपायांनी, ठराविक हंगाम व ठराविक संख्या यांचे बंधन पाळून, हरणे पुन्हा वाढली. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. बहुतेक भागांत लांडगा आणि पहाडी सिंह हे त्यांचे नैसर्गिक शत्रू आता उरलेले नाहीत. हरणे अतोनात वाढली, की रानातील कोवळी रोपे उगवतात तोच खाल्ली जातात आणि जंगलच म्हातारे होऊ लागते. म्हणून तेथील वनखाते शिकाऱ्याकडे केवळ शौकीन म्हणून पाहत नाही. रानाचा तोल सांभाळणाऱ्या साखळीतील तो एक दुवा आहे, असे मानते.

परंतु दुवा म्हटला की जबाबदारी आली. शिकाऱ्याची पहिली जबाबदारी अशी की, प्राणी मरावा तो क्षणात मरावा. पांढऱ्या शेपटीचे हरीण साधारणपणे भारतातील चितळाएवढे असते. त्याच्या पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यात, हृदय आणि फुप्फुसे यांची जागा असते; ती सुमारे आठ इंच व्यासाची, म्हणजे जेवणाच्या ताटाहूनही लहान. गोळी तेथे लागली तर हरीण फार तर शंभर-दीडशे पावले धावते आणि कोसळते. तीच गोळी हातभर मागे, पोटात लागली, तर ते तासन् तास तडफडत राहते. कधी रात्रीच्या अंधारात दाट झाडीत शिरते आणि कोणालाही न सापडता मरते. उत्तम रायफल आणि वाईट रायफल यांतील फरक शेवटी या हातभर अंतरात मोजायचा असतो. म्हणून 'कोणती रायफल सर्वांत जोरदार?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'कोणत्या रायफलीने हा नवखा माणूस दर वेळी त्या आठ इंचांतच गोळी घालू शकेल?' हा खरा प्रश्न आहे.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी कायद्याचे दार ओलांडावे लागते. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये तरुण शिकाऱ्यांना शिक्षण सक्तीचे केले आणि हळूहळू इतर राज्यांनीही तोच मार्ग स्वीकारला. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला, काही मोजके अपवाद वगळता, परवान्यापूर्वी हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. परवानाधारक दुकानदाराकडून रायफल घेणाऱ्याचे वय किमान अठरा वर्षे असावे लागते. त्याला छापील अर्ज भरावा लागतो आणि त्याच्या पूर्ववृत्ताची तपासणी होते. तेथे नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला, आणि अशी मराठी मंडळी आज तेथे पुष्कळ आहेत, बंदूक बाळगण्यास संघराज्याचा कायदा सामान्यतः मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना हा त्याला असलेल्या थोड्या अपवादांपैकी एक आहे. मित्राने हातात दिली म्हणून रायफल घेतली, असे तेथे करून चालत नाही.

शिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कोलोरॅडो राज्यात हरणासाठी नळीचा व्यास किमान ०.२४ इंच आणि गोळीचे वजन किमान ७० ग्रेन असावे लागते. उलट ओहायोसारख्या सपाट आणि दाट वस्तीच्या राज्यात, लांब पल्ल्याच्या निमुळत्या मानेच्या काडतुसांना हरणांच्या शिकारीत मज्जाव आहे; तेथे सरळ भिंतीच्या काडतुसांचीच रायफल चालते, कारण तिची गोळी लवकर खाली येते. तेव्हा आपण कोणत्या राज्यात शिकार करणार, हे ठरल्यावाचून रायफल घेणे म्हणजे नदी न पाहता नाव बांधण्यासारखे आहे.

आता काडतुसाचा विचार. रायफलीचे नाव बहुधा तिच्या काडतुसावरून ओळखले जाते, आणि त्या नावांत आकड्यांचा इतका गोंधळ असतो की नवखा माणूस तेथेच गांगरतो. तथापि हरणासाठी उपयुक्त अशी मोजकीच काडतुसे ध्यानात ठेवली तरी पुरे. त्यांत वडीलकीचा मान 'थर्टी-थर्टी' या काडतुसाकडे जातो. जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिराने रचलेल्या विंचेस्टरच्या १८९४ च्या रायफलीसाठी हे काडतूस १८९५ मध्ये बाजारात आले. दाट रानात, शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत, ते आजही आपले काम चोख बजावते. १९०६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले 'थर्टी-ऑट-सिक्स' हे त्याहून कितीतरी बलवान. त्याच्या नावातील 'सिक्स' हा आकडा त्या वर्षाचाच आहे. १९२५ चे '२७०', १९५२ चे '३०८', १९५५ चे '२४३', १९८० चे 'सेव्हन एमएम-झिरो एट' आणि २००७ मधील 'सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर' ही पुढची पिढी. यांतील प्रत्येकाने आजवर असंख्य हरणे टिपली आहेत. यांपैकी एखादे हरणासाठी अपुरे आहे असे नाही. एखादे नवख्याच्या खांद्यासाठी अधिक आहे, एवढेच.

येथे एक भौतिक सत्य लक्षात घेतले पाहिजे. जेवढ्या जोराने गोळी पुढे जाते, तेवढ्याच आवेगाने रायफल मागे येते. '२४३' मधील १०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला २,९०० फुटांहून अधिक वेगाने सुटते. 'थर्टी-ऑट-सिक्स'ची १५० ग्रेनची गोळी जवळजवळ त्याच वेगाने, पण दीडपट वजन घेऊन निघते. परिणामी तिच्या धक्क्याची ऊर्जा, सारख्या वजनाच्या रायफलीत, '२४३'च्या जवळजवळ दुप्पट भरते. 'मॅग्नम' नावाची जी आणखी दांडगी काडतुसे असतात, त्यांचा धक्का तर त्याहूनही पुष्कळ जास्त. अनुभवी शिकाऱ्याला तो सोसतो. नवखा माणूस मात्र दोन-तीन बार काढताच त्या धक्क्याची धास्ती घेतो, आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच त्याचे अंग नकळत दचकते. डोळे मिटतात, खांदा पुढे सरतो, नळीचे तोंड किंचित खाली झुकते. शंभर यार्डांवर तेवढे झुकणे म्हणजे छातीऐवजी पाय.

हा दोष माणसाला स्वतःला कळत नाही. गोळीच्या आवाजात तो झाकून जातो. म्हणून तेथील शिक्षक एक साधी युक्ती करतात. शिकणाऱ्याच्या नकळत ते खऱ्या काडतुसांत एखादे दारू नसलेले खोटे काडतूस मिसळतात. चाप ओढला जातो, 'खट्' असा नुसता आवाज होतो, आणि बार झालेलाच नसताना नळी मात्र हिसका खाऊन खाली जाताना सर्वांना दिसते. हातच्या कंकणाला आरसा कशाला? ज्याने हे एकदा पाहिले, तो पुन्हा मोठ्या काडतुसाचा हट्ट धरीत नाही. पहिल्या रायफलीसाठी '२४३', 'सेव्हन एमएम-झिरो एट' किंवा 'सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर' यांची शिफारस जाणते लोक करतात ती यामुळेच. धडधाकट माणसाला '३०८' देखील चालते. तिची काडतुसे बहुतेक सर्वत्र मिळतात, ही तिची मोठी सोय. दूरच्या खेड्यात हंगामाच्या आदल्या दिवशी काडतुसे संपली, तर दुर्मीळ जातीची रायफल काठीच्याच मोलाची ठरते.

काडतुसानंतर यंत्ररचना. पॉल माउझर या जर्मन कारागिराने १८९८ मध्ये पूर्णत्वास नेलेली बोल्टची रचना आजही बहुतेक शिकारी रायफलींचा आदर्श आहे. दाराच्या कडीप्रमाणे दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबला की नवे काडतूस बसते. ही रचना मजबूत आहे, अचूक आहे आणि स्वच्छ करण्यास सोपी आहे. परंतु नवख्याच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. बोल्ट मागे ओढून ठेवला, की रायफल भरलेली आहे की रिकामी, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही डोळ्यांनी दिसते. तरफेची रायफल सुटसुटीत आणि देखणी असते, पण तिच्यातील काडतुसे काढून घेण्यास अधिक सावधपणा लागतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीत दुसरी गोळी फार लवकर तयार होते. आणि दुसरी गोळी हाताशी आहे या भरवशावर पहिली गोळी निष्काळजीपणे सुटते. नवख्याने आपल्याजवळ एकच गोळी आहे असे मानून नेम धरावा, हे अधिक चांगले.

तिसरी गोष्ट, आणि दुकानात सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी, म्हणजे रायफल अंगाला बसणे. चप्पल घेताना माणूस पाय घालून पाहतो. रायफल मात्र तो नुसती चकाकी पाहून घेतो. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असते. लहान चणीच्या मुलीला किंवा स्त्रीला ते लांब पडते. मग ती मान ताणते, कंबर मागे झुकवते, आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर घेते. तिच्यासाठी आखूड दस्त्याच्या रायफली मिळतात. कसोटी सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरून, डोळे मिटावेत आणि रायफल खांद्याला लावावी. डोळे उघडल्यावर मान न हलवता दुर्बिणीतून संपूर्ण वर्तुळ दिसले, तर ती रायफल आपली. हिवाळ्यातील जाड कोट अंगात घालूनच ही परीक्षा करावी, कारण शिकारीच्या दिवशी तोच कोट अंगावर असणार. डावखुऱ्या माणसाने डाव्या हाताच्या बोल्टची रायफल मागून घेण्यात संकोच करू नये.

वजनाविषयीही असाच भ्रम आढळतो. हलकी रायफल दुकानात सुखद वाटते. परंतु रायफल जितकी हलकी, तितका तिचा धक्का तीव्र आणि नेम धरताना तिचे टोक जास्त थरथरणारे. दुर्बिणीसह साडेसात-आठ पौंडांची रायफल खांद्यावर वागवण्यास फार जड नाही आणि नेम धरण्यास फार हलकीही नाही.

दुर्बिणीच्या बाबतीत लोक आकड्यांना भुलतात. तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठे दाखवणारी साधी दुर्बीण हरणाला पुष्कळ झाली. किंबहुना दाट रानात ती तिपटीवरच ठेवणे शहाणपणाचे. फार मोठे दाखवणाऱ्या भिंगातून जवळच्या हरणाचे नुसते केसच दिसतात, हरीण दिसत नाही. डोळा आणि भिंग यांत साडेतीन इंचांच्या आसपास अंतर राहील अशी ती बसवावी, नाही तर धक्क्यासरशी तिची कडा भुवईवर आदळते. गोळी मात्र शिकारीसाठी बनवलेली, आत शिरून फुलणारी अशीच हवी. निशाणबाजीची स्वस्त गोळी हरणावर वापरणे हा क्रूरपणा होय. अलीकडे तांब्याच्या गोळ्यांचाही वापर वाढला आहे. शिशाचे सूक्ष्म कण मांसात आणि रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात, आणि ती आतडी खाणाऱ्या गिधाडांना ते विष ठरतात. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली, ती मुख्यतः कॉन्डोर या दुर्मीळ गिधाडाच्या रक्षणासाठी.

मग पैशाचा प्रश्न येतो. जाणत्यांचा सल्ला असा की, हाताशी असलेली सारी रक्कम रायफलीवर उधळू नये. आजच्या साध्या, स्वस्त रायफलीही नवख्याच्या हातापेक्षा अधिक अचूक असतात. उरलेले पैसे काडतुसांवर, कानांच्या रक्षणावर आणि सरावाच्या मैदानावर खर्चावेत. प्रथम '२२' या लहान काडतुसाच्या रायफलीने हात बसवावा. तिला धक्का नाही म्हणण्याइतका कमी आणि खर्चही थोडा. मग खऱ्या रायफलीने शंभर यार्डांवर नेम जुळवावा. '३०८' शंभर यार्डांवर बरोबर जुळवली, तर दोनशे यार्डांवर तिची गोळी सुमारे चार इंच खाली लागते, आणि तीनशेवर एक फुटाहून अधिक. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारलेले निशाण हे रायफलीचे कसब. गुडघा टेकून, झाडाच्या बुंध्याला टेकून, धाप लागलेली असताना मारलेले निशाण हे माणसाचे कसब. ज्या अंतरापर्यंत या अवघड आसनांतही प्रत्येक गोळी आठ इंचांच्या वर्तुळात पडते, तेवढीच त्या शिकाऱ्याची मर्यादा. ती ऐंशी यार्ड असली, तर नव्वद यार्डांवरचे हरीण त्याचे नव्हे.

सर्वांत शेवटी एका जुन्या कथेचे स्मरण होते. दशरथ राजा शब्दवेधी होता. नुसत्या आवाजावर बाण मारण्याचे त्याला असामान्य कौशल्य होते. शरयूच्या काठी, रात्रीच्या अंधारात, पाणी भरण्याचा आवाज त्याने ऐकला आणि तो प्राण्याचा समजून बाण सोडला. त्याचे धनुष्य उत्तम होते, नेम अचूक होता, हात स्थिर होता. चुकले ते एवढेच की समोर कोण आहे हे त्याने पाहिले नाही. श्रावण गेला, त्याचे आंधळे मातापिता गेले, आणि त्या शापाची छाया पुढे अयोध्येवर पडली. विस्कॉन्सिनच्या रानातील नारिंगी जाकिटाचा अर्थ हाच आहे. हरणाला तो रंग माणसासारखा ठळक दिसत नाही. माणसाला मात्र तो अर्ध्या मैलावरून दिसतो. तेथील शिक्षण-वर्गात पहिल्या दिवसापासून जे नियम घोकून घेतले जातात, ते या एका कथेत सामावले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे माना. जिच्यावर गोळी झाडायची नाही, अशा कोणत्याही वस्तूकडे नळी वळवू नका. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. आणि समोर काय आहे, त्याच्या पलीकडे काय आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून गोळी झाडू नका. पाने हलली म्हणून, काटकी मोडली म्हणून, काही करडे हलले म्हणून चाप ओढणाऱ्याला क्षमा नाही.

तेव्हा त्या दुकानात उभ्या असलेल्या नवख्याला काय सांगावे? आपल्या राज्याचा कायदा वाचावा. सौम्य धक्क्याचे, सहज मिळणारे काडतूस घ्यावे. बोल्टची साधी, अंगाला बसणारी रायफल घ्यावी. आणि उन्हाळाभर मैदानावर घाम गाळावा. नोव्हेंबरच्या त्या थंड पहाटे, झाडाच्या बुंध्याशी पाठ टेकून बसलेल्या त्या मुलीसमोर एखादा डौलदार नर येऊन उभा राहतो. अंतर जरा जास्त आहे, मध्ये झुडपे आहेत, टेकडीच्या माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही. तिची छाती धडधडते. ती दुर्बिणीतून क्षणभर पाहते, मग रक्षक खटका होता तसाच ठेवते आणि नळी हळूच खाली घेते. हरीण शेपटीचा पांढरा झुपका उंचावून रानात दिसेनासे होते. शेजारी बसलेला बाप काहीच बोलत नाही. तो फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवतो. मुलीची पहिली रायफल योग्य हाती पडली, हे त्याला त्या क्षणी कळलेले असते.